निवासी डॉक्टर व रुग्णालयाची सुधारणा
(खांडबारा येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



रुग्णालयाची सुधारणा म्हटली की आम्हांस नवी इमारत आणि नवी यंत्रे आठवतात. परंतु रात्री दोन वाजता प्राणवायूचे सिलिंडर कोठे अडते, रक्ताचा अहवाल कोणत्या टेबलावर पडून राहतो, हे निवासी डॉक्टरासच ठाऊक. सुधारणेच्या बैठकीत मात्र त्यास क्वचितच बसवितात!

१८४७ साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस हा प्राध्यापकांच्या हाताखालील साहाय्यकच होता. शवविच्छेदन करून आलेल्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावेत, असा नियम त्याने घातला. एप्रिलमध्ये शेकडा सुमारे १८ बाळंतिणी दगावत होत्या; जूनमध्ये ते प्रमाण सुमारे २ वर आले. वरिष्ठांस हे रुचले नाही. १८४९ मध्ये त्याची मुदत वाढविली गेली नाही.

आपल्या खांडबाऱ्याहून अडलेली बाळंतीण नंदुरबारला नेली, तर तेथे प्रथम सामोरा येतो तो बहुधा तरुण डॉक्टरच. नियमानुसार पदव्युत्तर निवासी डॉक्टरांस ३ महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. मुदत सरली की तो जातो, आणि त्याने पाहिलेली उणीवही त्याच्याबरोबर जाते. म्हणून आम्ही सुचवितो की, त्याने येताच एकच उणीव निवडावी. समजा, रक्त मागविल्यापासून ते मिळेपर्यंतचा विलंब. तो आठवडाभर वहीत नोंदवावा, उपाय योजून पुन्हा मोजावा, आणि वही पुढच्याच्या हाती द्यावी. वरिष्ठांनी यासाठी त्याचा थोडा वेळ मोकळा ठेवावा. नाहीतर दमलेल्या जिवावर हे आणखी एक ओझेच!

ज्ञातीतील ज्या घरचा मुलगा वा मुलगी निवासी डॉक्टर असेल, त्या घराने सुट्टीत पगार व स्थळ यांखेरीज या वहीविषयीही विचारावे.