वाढलेली मजुरी जाते कुठे?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठे बोलणे मला जमणार नाही. पण सोलापुरात विडी वळणाऱ्या आईच्या हाताखाली मी वाढले, त्यातलेच चार शब्द सांगते.

विडीची मजुरी हजारावर मिळते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हा धंदा पहिल्यापासून होता. सरकारने दर वाढवला की आई देवापुढे साखर ठेवी. पण थोड्याच दिवसांत कारखान्यातून पाने कमी मिळू लागत, त्यांतही फाटकी जास्त. हजार भरण्यासाठी आई पदरच्या पैशाने पाने आणी. वर तपासणारा छाट वाढवी. छाटलेल्या विडीची मजुरी नाही, आणि विडीही परत नाही! कागदावर दर वाढला, आमच्या डब्यात पीठ तेवढेच.

मालकाची बाजूही पाहावी. मजुरी वाढली की त्याने नफा कमी घ्यावा, मालाची किंमत वाढवावी, नाहीतर काम दुसरीकडे न्यावे. विडीला यंत्र लागत नाही, सूप आणि कात्री पुरते. म्हणून कमी दराच्या मुलखात ती चटकन जाते.

केरळात असेच झाले. १९६६ चा विडी कामगार कायदा तिथे लागू होताच १९६८ साली मंगळूरच्या मालकांनी कण्णूरकडचे कारखाने बंद केले. हजारो कामगार उघड्यावर पडले. पण १९६९ साली सरकारच्या मदतीने त्यांनी केरळ दिनेश बीडी ही सहकारी संस्था काढली. तिने कायद्याप्रमाणे मजुरी देऊन वर्षानुवर्षे धंदा केला. पुढे विडीचा खप घटला, तेव्हा छत्र्या आणि खाद्यपदार्थही केले. मजुरी दिली की धंदा बुडतोच, असे नाही.

आता माझीच एक गोष्ट. गेल्या वर्षी भांडीवाल्या मावशींचे दोनशे रुपये वाढवले, आणि त्याच दिवशी ओटा-फरशीही त्यांच्यावर टाकली. मावशी काही बोलल्या नाहीत. रात्री मला तो छाट काढणारा आठवला आणि झोप लागेना. सकाळी ते काम मी परत माझ्याकडे घेतले.

भगिनींनो, काम करणारीने पाने तोलून घ्यावीत, छाट वहीत लिहावी, आणि चौघींनी मिळून विचारावे. काम देणारीने आपलीही वही तपासावी. आईला लिहिता येत नव्हते, म्हणून तिची छाट कुणी मोजली नाही.