नव्या परिचारिकेचे पहिले वर्ष



आपल्या ज्ञातीतील मुली परिचर्येची परीक्षा उत्तीर्ण होऊन, राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवून रुग्णालयांत रुजू होत आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु खरी कसोटी त्यानंतरच्या वर्षात असते.

विद्यार्थिदशेत कोणाच्या तरी देखरेखीखाली शुश्रूषा करणाऱ्या मुलीवर एकाएकी अनेक रोग्यांचा भार पडतो. मार्लीन क्रेमर या अमेरिकन विदुषींनी १९७४ साली या आघातावर ग्रंथच लिहिला. तेथील अनेक रुग्णालयांत आता नव्या परिचारिकेस सुमारे वर्षभर शिकवून तयार करण्याची योजना असते. आपल्याकडे अशी सोय सर्वत्र नाही. म्हणून मुलाखतीतच मुलीने निःसंकोच विचारावे की, आरंभी किती आठवडे अनुभवी परिचारिका सोबत राहील, आणि रात्रपाळी एकटीवर केव्हा येईल. वेतन थोडे कमी असले तरी शिकविणारे रुग्णालय पत्करावे.

रुजू झाल्यावर औषध देण्यापूर्वी रोगी, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग व वेळ या पाचही गोष्टी ताडून पाहाव्यात. शंका आल्यास विचारण्यात कमीपणा मानू नये.

पालकांस आमची एक विनंती आहे. पहिल्या काही महिन्यांत मुलगी डोळे पुसत घरी आली, तर लगेच नोकरी सोडावयास सांगू नका. रात्रपाळी करून आलेल्या मुलीस दिवसा निजू द्या; घरकामासाठी उठवू नका. हात बसावयास वेळ लागतो, तेवढा तिला मिळू द्या.