चिबीची लढाई : ग्रंथातली आणि पडद्यावरची

इतिहासावर आधारलेल्या चिनी युद्धपटांच्या अचूकतेची चर्चा पोशाख, शस्त्रे आणि सैन्याचे आकडे यांपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. परंतु चीनच्या युद्धकथांच्या बाबतीत त्याआधीच एक प्रश्न निकालात काढावा लागतो, तो असा की चित्रपट ताडून पाहायचा तो नेमका कशाशी. एखादी लढाई होऊन पाऊणशे वर्षे लोटल्यावर लिहिलेला इतिहासग्रंथ, त्यावर पुढे सुमारे दीडशे वर्षांनी जोडलेल्या टिपा, मग कथेकऱ्यांनी शतकानुशतके रंगवलेले प्रसंग आणि शेवटी या सगळ्यांवर उभी राहिलेली कादंबरी, असे थर एकमेकांवर चढलेले असतात, आणि सर्वसामान्य चिनी प्रेक्षकाच्या मनातला ‘इतिहास’ हा बहुधा सर्वांत वरच्या थरातून आलेला असतो. जॉन वू यांचा ‘रेड क्लिफ’ हा दोन भागांतील चित्रपट या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. जुलै २००८ आणि जानेवारी २००९ मध्ये चीनमध्ये प्रदर्शित झालेला, सुमारे आठ कोटी डॉलर खर्चून काढलेला हा चित्रपट कादंबरीपेक्षा मूळ इतिहासग्रंथाकडे अधिक झुकण्याच्या घोषित हेतूने तयार झाला होता.

चित्रपटाचा विषय इसवी सन २०८ च्या हिवाळ्यात यांगत्से नदीवर झालेली चिबीची, म्हणजे ‘लाल कड्यांची’ लढाई हा आहे. हान घराण्याचा सम्राट नावापुरता उरला होता आणि त्याच्या नावाने उत्तर चीनवर सत्ता गाजवणारा महामंत्री त्साओ त्साओ दक्षिणेकडे निघाला होता. त्या वर्षाच्या आरंभी त्याने आपल्या ये या राजधानीत एक तलाव खोदवून उत्तरेकडच्या घोडदळी सैनिकांना नौकायुद्धाचे शिक्षण देण्यास सुरुवात केली होती, यावरून त्याच्या तयारीची आणि उणिवेचीही कल्पना येते. मध्य यांगत्सेवरचा जिंग प्रांत लढाईविना त्याच्या हाती पडला, आणि मग पराभूत होऊन पळत असलेला लिउ बेई आणि खालच्या यांगत्सेचा तरुण सत्ताधीश सुन छ्वान यांनी एकत्र येऊन त्याला अडवले. सुन छ्वानचा सेनापती झोऊ यू हा होता आणि लिउ बेईकडून बोलणी करण्यासाठी आलेला दूत झूगे लियांग हा होता.

या घटनांची मुख्य नोंद चेन शोऊ (२३३ ते २९७) याच्या ‘तीन राज्यांचा इतिहास’ या ग्रंथात आहे, आणि त्या ग्रंथाची रचनाच अशी आहे की एका लढाईचे एकच सलग वर्णन त्यात सापडत नाही. ग्रंथ चरित्रांचा मिळून बनलेला आहे आणि प्रत्येक चरित्र त्या त्या राज्याच्या बाजूने बोलते. शिवाय चेन शोऊ ज्या जिन घराण्याच्या सेवेत होता, त्याने त्साओ कुळाकडूनच गादी घेतली होती; तेव्हा त्साओ त्साओच्या वृत्तांतात या पराभवाला चार-दोन वाक्यांपलीकडे जागा मिळालेली नाही. तो चिबीला पोचला, लिउ बेईशी झालेल्या लढाईत त्याचे चालले नाही, मोठी साथ आली, पुष्कळ अधिकारी आणि सैनिक मेले, म्हणून तो सैन्य घेऊन परतला, एवढेच तिथे म्हटले आहे. आगीचा उल्लेखही नाही. त्याच ग्रंथातील झोऊ यूच्या चरित्रात मात्र आग आहे, वारा आहे आणि डावपेचही आहे. हुआंग गाय या वयस्क सरदाराने शत्रूच्या नौका एकमेकींना लागून दाटीने उभ्या असल्याचे पाहिले, शरणागतीचे खोटे पत्र पाठवले, आणि काही डझन नौकांत वाळके गवत व लाकूड भरून, त्यावर तेल-चरबी ओतून, वरून कापड टाकून त्या वाऱ्यावर सोडल्या. पुढे पेइ सोंगझी या विद्वानाने सम्राटाच्या आज्ञेवरून दीडशेहून अधिक ग्रंथांतले उतारे टिपांच्या रूपाने या इतिहासाला जोडले आणि ४२९ मध्ये ते काम दरबारात सादर केले. त्या टिपांत त्साओ त्साओचे म्हणून एक पत्रही दिलेले आहे, ज्यात आपण साथीमुळे स्वतःच नौका जाळून माघारी फिरलो आणि झोऊ यूला फुकटचे नाव मिळाले असा त्याचा दावा आहे.

दोन्ही बाजूंचे वृत्तांत इतके परस्परविरोधी असूनही एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. झोऊ यूचे चरित्रसुद्धा सांगते की पहिली चकमक झाली त्याच वेळी त्साओच्या सैन्यात आजार पसरलेला होता. उत्तरेकडचे सैनिक दक्षिणेच्या दमट, पाणथळ मुलखात आले होते, आणि तिथे रोगराई होणारच हे झोऊ यूने आपल्या राजाला युद्धाआधीच बजावले होते. हा रोग कोणता असावा याविषयी आधुनिक काळात चिनी वैद्यक अभ्यासकांनी तर्क केले आहेत, यांगत्सेच्या खोऱ्यातील रक्तकृमींच्या विकाराकडे काहींनी बोट दाखवले आहे. पण मूळ ग्रंथात लक्षणे दिलेली नसल्यामुळे ते तर्कच राहतात. साथ होती आणि तिने युद्धाचे पारडे फिरवण्यात मोठा वाटा उचलला, एवढे निश्चित म्हणता येते.

सर्वसामान्यांच्या मनावर राज्य केले ते मात्र लुओ ग्वानझोंग याच्या नावावर असलेल्या ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीने. चौदाव्या शतकात रचली गेलेली आणि १५२२ च्या आवृत्तीपासून छापील रूपात उपलब्ध असलेली ही कादंबरी म्हणजे कथेकऱ्यांच्या परंपरेचे शिखर होय. तिची जडणघडण कशी झाली हे पाहायचे असेल तर बाणांचा प्रसंग घ्यावा. पेइ सोंगझीच्या टिपांपैकी एकीत अशी हकीकत आहे की २१३ मध्ये, म्हणजे चिबीनंतर पाच वर्षांनी, रूशू येथे सुन छ्वान मोठ्या नौकेत बसून शत्रूची पाहणी करायला गेला, शत्रूने बाणांचा वर्षाव केला, एका अंगाला इतके बाण रुतले की नौका कलली, तेव्हा त्याने ती फिरवून दुसरे अंग बाणांसमोर धरले आणि तोल सावरल्यावर तो परतला. १३२० च्या दशकात छापलेल्या कथेकऱ्यांच्या संहितेत हीच गोष्ट चिबीच्या लढाईत आली आणि तिचा नायक झोऊ यू झाला. कादंबरीत ती झूगे लियांगकडे गेली: दाट धुके, पेंढ्याने भरलेल्या होड्या आणि एका पहाटेत शत्रूकडून ‘उसने’ आणलेले एक लाख बाण. तोल सावरण्याची एक साधी, प्रसंगावधानाची हकीकत अशा रीतीने तीन माणसांच्या हातांतून फिरत बुद्धिचातुर्याचा चमत्कार बनली. जॉन वू यांनी हा प्रसंग कादंबरीप्रमाणेच, झूगे लियांगच्या नावावर आणि विलक्षण देखणा चित्रित केला आहे. मूळ ग्रंथाकडे जाण्याचा संकल्प इथे टिकला नाही, आणि ते समजण्यासारखेही आहे, कारण हा प्रसंग गाळला असता तर चिनी प्रेक्षकाला चित्रपट अपुरा वाटला असता.

जिथे संकल्प टिकला तिथे चित्रपटाचे काम खरोखर चांगले झाले आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ झोऊ यूला झाला आहे. कादंबरीने झूगे लियांगला मोठे करण्यासाठी झोऊ यूला मत्सरी, कोत्या मनाचा आणि शेवटी मनस्तापाने मरणारा केले; मूळ चरित्रात मात्र तो उदार, लोकांना जिंकून घेणारा आणि संगीताचा असा जाणकार आहे की मद्याचे तीन पेले घेतल्यावरही वादनातली चूक त्याच्या कानातून सुटत नसे आणि तो हटकून मान वळवून पाहत असे. टोनी लिउंग यांनी साकारलेला झोऊ यू याच वर्णनातून आलेला आहे. सैन्याची कवायत चालू असताना एक मुलगा बासरी वाजवत असतो. झोऊ यू कवायत थांबवून त्याच्याजवळ जातो, बासरी हातात घेतो, चाकूने तिचे छिद्र किंचित कोरतो आणि परत देतो. असा प्रसंग कोणत्याही ग्रंथात नाही, पण ग्रंथातील माणसाशी तो पूर्णपणे प्रामाणिक आहे, आणि काल्पनिक प्रसंगाने इतिहासाची सेवा कशी करावी याचा हा उत्तम नमुना मानावा लागेल. वाऱ्याच्या बाबतीतही तसेच आहे. कादंबरीतला झूगे लियांग वेदी उभारून, मंत्रतंत्र करून आग्नेय वारा आणतो. ताकेशी कानेशिरो यांचा झूगे लियांग हवामानाची चिन्हे वाचणारा निरीक्षक आहे. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडचे वारे प्रबळ असले तरी अधूनमधून ते पालटतात, आणि स्थानिक माणसाला ते ठाऊक असते, हे स्पष्टीकरण मूळ नोंदींशी सुसंगत आहे.

शस्त्रांच्या आणि साहित्याच्या चुका थोडक्यात सांगता येतील. स्वाराचे दोन्ही पाय पेलणाऱ्या जोडरिकिबीचा सर्वांत जुना चिनी पुरावा नानजिंगजवळच्या ३२२ च्या थडग्यातील मृण्मय घोड्यावर मिळतो, आणि त्याआधीच्या, ३०२ च्या चांगशा येथील मूर्तींत घोड्यावर चढण्यापुरती एकच लहान रिकीब दिसते. तेव्हा २०८ मधील स्वारांच्या पायांत रिकिबी असणे कालविसंगत आहे, परंतु नटांच्या सुरक्षेसाठी सगळेच चित्रपट ही सवलत घेतात. लिउ बेईचा सरदार ग्वान यू याच्या हातातले लांब दांड्याचे रुंद पाते कादंबरीतून आलेले आहे. इतिहासात त्याने यान लियांग या सेनानीला भोसकल्याचे म्हटले आहे, आणि ते भाल्याचे काम आहे. चित्रपटात कपटाने मारवला गेलेला त्साई माओ हा त्साओचा नौदलप्रमुख प्रत्यक्षात त्साओच्या राज्यात पुढेही पदांवर होता. सैन्याच्या संख्येविषयी मात्र ग्रंथ स्वतःच सावध आहे. त्साओने आठ लाखांची वल्गना केली होती, झोऊ यूने हिशोब करून उत्तरेचे दीड लाख ते एक लाख साठ हजार आणि जिंग प्रांताचे नव्याने शरण आलेले सत्तर-ऐंशी हजार असा अंदाज दिला होता, आणि स्वतःसाठी पन्नास हजार मागून त्याला तीस हजार मिळाले होते. सेनापतीने राजाला रात्री एकांतात दिलेला हा हिशोब पडद्यावर क्षितिजापर्यंत पसरलेल्या जहाजांपेक्षा अधिक नाट्यमय ठरू शकला असता.

चित्रपटाचा खरा दोष मात्र रिकिबीत नाही आणि आकड्यांतही नाही. तो साथीच्या हाताळणीत आहे. साथ चित्रपटात आहे, परंतु तिचे काम बदललेले आहे. त्साओ त्साओ आपल्या मेलेल्या सैनिकांची प्रेते तराफ्यांवर घालून नदीपार सोडतो, जेणेकरून रोग शत्रूच्या छावणीत पसरावा, आणि त्यामुळे मित्रसैन्यात फूट पडते. या कृत्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. ज्या गोष्टीने सेनापतींच्या इच्छेची पर्वा न करता युद्धाचा निकाल घडवण्यास हातभार लावला, ती गोष्ट एका खलनायकाचे हत्यार बनली, आणि त्याबरोबर युद्ध हे केवळ माणसांच्या चातुर्याचा व दुष्टपणाचा खेळ होऊन बसले. त्साओ ही मोहीम झोऊ यूची पत्नी शिआओ छ्याव हिच्या मोहापायी काढतो, आणि ती एकटी त्याच्या छावणीत जाऊन चहाच्या निमित्ताने त्याला वारा फिरेपर्यंत रोखून धरते, ही कल्पनासुद्धा याच प्रवृत्तीतून आलेली आहे. चीनचे एकीकरण करू पाहणाऱ्या, त्रेपन्न वर्षांच्या मुरब्बी राज्यकर्त्याच्या मोहिमेला असे कारण देणे म्हणजे त्या मोहिमेचे राजकारण पुसून टाकणे होय.

अलीकडच्या युद्धांवरील चित्रपटांत अडचण वेगळ्या प्रकारची असते, कारण तिथे साक्षीदार, छायाचित्रे आणि जिवंत राजकीय हितसंबंध असतात. ग्वान हू यांच्या २०२० मधील ‘द एट हंड्रेड’ या चित्रपटाचे नावच १९३७ मध्ये शांघायच्या सिहांग गोदामात तळ ठोकून जपान्यांशी लढणाऱ्या तुकडीने शत्रूची दिशाभूल करण्यासाठी फुगवून सांगितलेल्या आकड्यावरून आले आहे. प्रत्यक्षात तिथे सुमारे चारशे सैनिक होते. ते राष्ट्रवादी कुओमिंतांग सरकारचे सैनिक असल्यामुळे गोदामाच्या छतावर उभारलेला त्यांचा ध्वज आजच्या चीनमध्ये दाखवणे नाजूक ठरते, आणि ध्वज हाच ज्या प्रसंगाचा केंद्रबिंदू आहे त्यात तो स्पष्ट दिसू न देण्याची काळजी चित्रपटाला घ्यावी लागली.

चिबीच्या बाबतीत असे कोणतेही राजकीय बंधन नव्हते, म्हणूनच वगळलेल्या दोन प्रसंगांची हळहळ अधिक वाटते. आगीच्या हल्ल्यात हुआंग गायला बाण लागला आणि तो थंडगार पाण्यात पडला. त्याच्याच बाजूच्या सैनिकांनी त्याला वर काढले, पण ओळखले नाही आणि शौचकूपात टाकून दिले. तिथून त्याने सगळे बळ एकवटून हान दांग या सहकाऱ्याला एकच हाक मारली; हान दांगने आवाज ओळखला, रडत रडत त्याचे ओले कपडे बदलले, आणि तो वाचला. पेइ सोंगझीच्या टिपांतील ही नोंद विजयी बाजूच्या गोंधळाचे असे चित्र देते की तशी कल्पना कोणत्याही पटकथाकाराला सुचणे कठीण.

दुसरा प्रसंग त्साओच्या माघारीचा आहे. चित्रपटात जळत्या छावणीत सारे नायक त्याला घेरतात आणि झोऊ यू त्याला जाऊ देतो. कादंबरीत ग्वान यू त्याला ह्वारोंगच्या वाटेवर सोडतो. टिपांत मात्र ह्वारोंगची वाट चिखलाने भरलेली आहे, वारा सुटलेला आहे, आणि घोड्यांना पाऊल टाकता यावे म्हणून अशक्त सैनिकांना पाठीवर गवत वाहून चिखलात अंथरायला लावले आहे; घोडदळ त्यांना तुडवत पुढे गेले आणि पुष्कळ जण तिथेच मेले. युद्धही त्या रात्री संपले नाही. झोऊ यूला जिआंगलिंग हे नदीकाठचे ठाणे घेण्यासाठी त्साओ रेन या सरदाराशी वर्षाहून अधिक काळ झुंजावे लागले, तिथे उजव्या बरगडीत बाण लागून तो अंथरुणाला खिळला, शत्रू चाल करून आल्याचे कळताच उठून छावण्यांतून फिरला, आणि २१० मध्ये, चिनी मोजणीप्रमाणे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पुढच्या मोहिमेची तयारी चालू असताना मरण पावला. दोन्ही भाग मिळून पावणेपाच तासांच्या चित्रपटात जिआंगलिंगच्या या वेढ्याला जागा मिळालेली नाही.