वारा कुठला, ढग कुठला?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



शाळेत मुलांना जे शिकवतो त्यांतलेच काही आज येथे सांगावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी पडलो भूगोलाचा शिक्षक, तेव्हा ढगांविषयी बोलतो. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेकडे ढग दाटले म्हणजे आमच्या घरी जी घालमेल होते, तिच्यामुळे या विषयाची गोडी मला लहानपणीच लागली असावी.

आमच्या शाळेच्या छपरावर एक काठी आहे व तिला कापडाची पट्टी बांधली आहे. मुले रोज सकाळी आणि दुपारी वाऱ्याची दिशा पाहतात, आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती झाकलेले आहेत हे वहीत लिहितात आणि मग त्याच वेळचे उपग्रहाचे चित्र हवामान खात्याच्या संकेतस्थळावरून काढून शेजारी चिकटवतात. ढगांची छायाचित्रे पाठवणारा अमेरिकेचा पहिला हवामान उपग्रह, टायरॉस, १ एप्रिल १९६० रोजी उडाला. तेव्हा आपला गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. आज आपल्याच देशाचे इन्सॅट उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दर अर्ध्या तासाला चित्र घेतात. त्यांतला इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडण्यात आला.

वह्यांतून पहिली गोष्ट दिसली ती अशी. एप्रिलच्या दुपारी खारे वारे सुटले म्हणजे पेडण्याची किनारपट्टी, मोरजी-हरमलकडचा भाग, चित्रात पुष्कळदा स्वच्छ दिसतो आणि ढगांचे पुंजके पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर जमलेले असतात. पावसाळ्यात नैर्ऋत्य-पश्चिमेचा ओला वारा त्याच डोंगरावर चढतो, वर जाऊन थंड होतो, आणि घाटाच्या अलीकडे ढगांची दाट चादर पसरते. पलीकडे बेळगावच्या पूर्वेला ती विरत जाते. ऑक्टोबरात वरचा वारा पूर्वेचा झाला की घाटावर वाढलेले गडगडाटी ढग संध्याकाळी खाली उतरतात, म्हणून पुष्कळदा ते डिचोलीला आधी आणि पेडण्याला मागाहून भेटतात.

इतके समजले आणि मला वाटले, आपल्याला सारे समजले. एका सप्टेंबरअखेरची गोष्ट. सरद भात पिकले होते. एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले व म्हणाले, "सर, फाल्यां लुंवूं?" मी रात्रीची चित्रे एकामागून एक लावून पाहिली. पांढरेशुभ्र ढग आपल्या डोक्यावरून समुद्राकडे सरकत होते आणि पहाटेपर्यंत ते निघूनही गेले. मी निरोप धाडला, खुशाल कापणी करा. दुपारी समुद्राकडूनच पाऊस आला व तीन दिवस रिपरिपत राहिला. कापलेले भात शेतात भिजले, काही कणसांना कोंब फुटले. ते गृहस्थ भेटले तेव्हा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "सर, तुमचीं कुपां गेलीं, पूण पावस उरलो."

चूक कोठे झाली हे शोधायला मला आठवडा लागला. रात्रीचे चित्र हे प्रकाशाचे नसून उष्णतेचे असते. जे जितके थंड, ते तितके पांढरे. फार उंचावरचा पातळ ढग गोठलेला असतो, म्हणून तो लखलखीत दिसतो, पाऊस मात्र देत नाही. खाली एक-दोन किलोमीटरवरचा पावसाळी ढग उबदार असतो. तो चित्रात राखाडी, जवळजवळ समुद्राच्या रंगाचा दिसतो. आणि पावसाळ्यात आपल्या आकाशात एकाच वेळी दोन उलट वारे वाहत असतात: खाली पश्चिमेकडून, आणि चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून. वरच्या या वेगवान प्रवाहाचे वर्णन आपल्याच हवामान खात्यातील पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले होते. मी पाहिला तो वरचा वारा. भात भिजवले ते खालच्या वाऱ्याने. पुस्तकातले वाक्य मला पाठ होते, पण ते आमच्या शेतावरच चालले आहे, हे ध्यानी आले नाही.

शास्त्रज्ञ हे काम पद्धतशीर करतात. लागोपाठच्या तीन चित्रांत तोच ढग शोधून तो किती सरकला यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतात, आणि ढगाच्या तापमानावरून तो किती उंचीवरचा आहे हे ठरवतात. म्हणजे आधी उंची, मग दिशा. आता मुलेही तसेच करतात. दिवसाच्या प्रकाशातले चित्र आणि उष्णतेचे चित्र शेजारी ठेवतात. दोन्हींत पांढरा तो उंच व दाट, पहिल्यात पांढरा पण दुसऱ्यात राखाडी तो खालचा. मग छपरावरची पट्टी कोणत्या ढगाच्या बाजूने बोलते ते पाहतात. अडचणी आहेतच. उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरांचा, त्यात अख्खे गाव मावते. अमक्याच्या शेतावर पाऊस पडेल काय, हे त्यातून निघत नाही. रात्री तर प्रकाशाचे चित्रच नसते, आणि कापणीचा प्रश्न लोक नेमका रात्रीच विचारतात!

त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षीही विचारले. मी म्हटले, सकाळचे दुसरे चित्र येईपर्यंत थांबा. ते थांबले, त्यांचा मुलगाच आता चित्र पाहून त्यांना सांगतो. त्याची वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. भिजलेल्या दिवसाचे पान त्याने दुमडून ठेवले आहे, ते अवश्य पाहावे.