वाल्या घरी आला असता तर

(दिंडीच्या शताब्दी वर्षातल्या आषाढी वारीत वाल्हे मुक्कामी हरिपाठानंतर झालेलं बोलणं)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. चालक म्हणाले, वाल्ह्याच्या मुक्कामी तुम्ही बोला. आमचं शिक्षण चौथी. कीर्तनाला उभं राहायची सवय आहे, पण आज अभंग घेऊन निरूपण करायचं नाही. आज बोलायचं ते आमच्याच अंगावरचं आहे.

हे गाव वाल्या कोळ्याचं मानतात. आम्ही कीर्तनात वाल्या किती वेळा सांगितला त्याला गणती नाही. रांजण, खडे, नारदमुनी, उलटं नाम, वारूळ. वाल्याचा वाल्मीकी झाला म्हटलं की माणसं माना डोलावतात. पण माउली, एक गोष्ट ध्यानात घ्या. वाल्या पुन्हा घरी आला नाही. तो रानात बसला आणि तिथंच ऋषी झाला. ज्यांना लुटलं त्यांच्याच पाणवठ्यावर त्याला घागर घेऊन जावं लागलं नाही. आमच्यासारख्याला एस.टी.तनं त्याच गावात उतरावं लागतं.

जुन्यांना ठाऊक आहे, नव्या पोरांना नसेल म्हणून सांगतो. १९८६ साली बांधावरनं भांडण झालं. बांध हातभर. आमच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. चुलत भाऊ गेला. आम्ही दारू प्यालेलो नव्हतो, तेव्हा दारूवर ढकलता येत नाही. मारलं ते आम्ही. कोर्टानं दहा वर्षं दिली, माफी धरून सात भोगली.

येरवड्याला एका म्हाताऱ्या कैद्यानं आमच्याकडनं हरिपाठ पाठ करून घेतला. वागणूक बरी दिसली म्हणून शेवटची दोन वर्षं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला धाडलं. औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ साली काढलेली ही खुली वसाहत. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरची ती कल्पना. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा तिच्यावरनंच सुचलेला. तिथं कैद्यानं शेती करायची आणि बायकापोरं जवळ ठेवायची. उंच भिंत नाही. आमची मंडळी आणि पोरगं तिथं येऊन राहिलं. वाटलं, आता सुटलो की संसार लागला मार्गी.

पण भिंत लागली ती गावात आल्यावर. वकिलापायी दीड एकर रान गेलं होतं, बैल गेले होते. मजुरीला कोण बोलवेना. आम्ही पारावर बसलो की माणसं उठायची. शाळेत पोराला ‘खुन्याचं पोर’ म्हणायची, त्यानं सहावीतनं शाळा सोडली. कुणाची कोंबडी गेली तरी आधी आमच्या दारात विचारणा. आमची मंडळी लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि आम्ही घरात बसून राहायचो. एकदा तिला म्हणालो, ‘आतच बरं होतं.’ ती काय बोलली नाही. भाकरी थापायची थांबली तेवढी.

१९९४ च्या वारीआधी त्या वेळचे चालक घरी आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी एक किल्ली पुढं केली. ‘ही कोठीची किल्ली. ज्वारी, पीठ, तेल, गूळ तू सांभाळायचं.’

आम्ही म्हणालो, ‘अण्णा, लोक काय म्हणतील?’

‘लोकांचं मी बघतो. तू पोती मोज.’

पाच वर्षं आम्ही किल्ली दुसऱ्याच्या कमरेला बघितली होती. हातात घेतली तर हात कापायला लागला.

तिसऱ्या वर्षी फलटणला तेलाचा एक डबा कमी भरला. सगळ्यांची नजर आमच्याकडं. ट्रक रिकामा करून मोजला, तरी डबा मिळाला नाही. आजवर मिळालेला नाही. रात्री अण्णांनी वही उघडली. त्यांनी ‘चोरी’ लिहिलं नाही, ‘गहाळ’ लिहिलं, आणि किल्ली आमच्याकडंच ठेवली. माउली, ‘गहाळ’ या एका शब्दावर आमचा संसार उभा आहे. त्यानंतर गावात मजुरी मिळाली, मग वाट्यानं रान मिळालं, मग कुणीतरी कीर्तनात मागं टाळ धरायला उभं केलं.

आता चुलतीचं सांगतो. ती ह्याच दिंडीत चालायची. हरिपाठ झाला की आपण एकमेकांच्या पाया पडतो. आम्ही वाकलो की ती पाय मागं घ्यायची. अठरा वर्षं घेतले. आम्ही पंगतीत वाढायला आलो तर ताट मात्र तिनं कधी मागं ओढलं नाही. शब्द बोलली नाही, आमच्या हातची भाकरी खाल्ली. तिनं माफ केलं असं आम्ही म्हणणार नाही. तिचं लेकरू गेलं होतं. माफी मागून घ्यायची वस्तू नव्हे. आपण वाढत राहायचं.

माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असं मागितलं. तो जायला तुरुंगातली वर्षं पुरत नाहीत. उरलेलं काम गावानं करायचं असतं. आणि आत असतो तो प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला असतो असंही नाही. देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. असा माणूस निर्दोष सुटून आला तरी गाव त्याला ‘आत जाऊन आलेला’च म्हणतं.

म्हणून शताब्दीच्या वर्षी दिंडीपुढं एक मागणं. आपल्या गावांतला कुणी सुटून आला तर आठ दिवसांत दिंडीतल्या दोघांनी त्याच्या घरी जावं. उपदेश करू नये. काम सांगावं, तेही जबाबदारीचं. आणि तिथनं उठून ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरी जावं, त्यांच्या रानातलं काय अडलं ते विचारावं. पहिल्या घरी जाऊन दुसरं टाळलं तर तो धर्म नव्हे.

कोठीची किल्ली अजून आमच्या कमरेला आहे. गुडघे आता साथ देत नाहीत. पुढल्या वारीला ती कुणाकडं द्यायची ते आम्ही मनात ठरवलंय. तो परवाच सुटून आलाय. अजून घराबाहेर पडलेला नाही. परत गेल्यावर पहिल्यांदा त्याच्याकडं जाऊ. तुमच्यातलं कोण बरोबर येतंय, ते उद्या नीरेवर पादुकांचं स्नान झालं की सांगा.

रामकृष्ण हरी.