खर्जावरचे आकडे

पदांची जुनी पोथी उघडली, तर मथळ्यावर रागाचे नाव आणि खाली शब्द, एवढाच ऐवज हाती लागतो. गाणे गळ्यातून गळ्यात आलेले असते, हे संतकवी दासोपंतांच्या आंबेजोगाईच्या मुलखात राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. अठराव्या शतकातील युरोपात तंतुवाद्यांच्या संगीताची जी पुस्तके धातूच्या पत्र्यांवर कोरून छापली जात, त्यांत मात्र सारे स्वर शाईने कायम झालेले असतील, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि ती निराधार आहे.

आर्कांजेलो कोरेली या इटालियन वादकाच्या बारा सोनाटांचे पुस्तक इ. स. १७०० मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाले. त्यात वरची ओळ व्हायोलिनची, खालची खर्जाची, आणि खर्जालगत बारीक आकडे. सहाचा आकडा दिसला की हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्याच्या वादकाने डाव्या हाताने खर्ज धरून उजव्या हाताने त्यापासूनचा तिसरा व सहावा स्वर मिळवावयाचा. परंतु ते कोणत्या सप्तकात, एकदम की सुटे सुटे, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. संथ भागांत तर व्हायोलिनची ओळही इतकी मोकळी की, आम्स्टरडॅमच्या एतिएन रोजे या प्रकाशकाने १७१० मध्ये खुद्द कर्त्याच्या वादनाबरहुकूम अलंकार छापल्याचा दावा करून नवी आवृत्ती विक्रीस काढली. तो दावा खरा की निव्वळ दुकानदारी, यावर जो वाद माजला, तो घराण्यांची भांडणे ऐकून मुरलेल्या आपल्या कानांना परका वाटू नये.

युरोपीय संगीताशी मराठी दरबाराचा निकट परिचय झाला तो तंजावरास. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी पाश्चात्य वाद्यांचा बॅण्ड बाळगला, ग्रंथसंग्रहही केला. त्याच सुमारास बाळुस्वामी दीक्षितर मद्रासेत व्हायोलिन शिकले आणि हे वाद्य कर्नाटक गायनाच्या साथीला बसले. बसले ते अक्षरशः, कारण वादकाने मांडी घालून त्याचे टोक पायाशी टेकविले.

आकड्यांच्या खर्जाला मात्र प्रवेश मिळाला नाही. युरोपीय खर्ज पावलोपावली हलतो आणि त्याबरोबर वरच्या स्वराचा अर्थ पालटतो. आपला षड्ज तंबोऱ्यात अचल, आणि सारा राग त्याच्याच हिशेबाने उभा. वाद्य घ्यावे आणि त्याचा खर्ज परत पाठवावा, हा दक्षिणेतील वादकांचा निवाडा मला रास्त वाटतो. व्हायोलिनच्या एकाच तारेवर बोट सरकवून गमक निघते, आणि त्यांना हवे होते ते तेवढेच.