कागदावरची रेघ
(अकादमीच्या लेखन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कल्पित लेखनातल्या वास्तवाबद्दल बोलावे, असे मला सांगण्यात आले. या विषयावर सिद्धांत मांडण्याइतका माझा अधिकार नाही. म्हणून माझ्याच एका अपुऱ्या दीर्घकथेची हकिगत सांगतो. या कथेत पणजीहून बेळगावला जाणारी एक अतिजलद रेल्वे आहे. अशी रेल्वे कुठेही नाही. ती मी कागदावर काढली. तिचा मार्ग कसा ठरला आणि तो ठरवताना माझ्या हातून काय घडले, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिल्या खर्ड्यात मी नकाशावर फूटपट्टी ठेवली. पणजी ते बेळगाव सरळ अंतर साधारण ऐंशी किलोमीटर. एक रेघ ओढली आणि लिहिले, ‘गाडी वीस मिनिटांत पोचली.’ ते वाक्य मला फार आवडले होते. पुढे रेल्वेविषयी थोडे वाचल्यावर कळले की वेगाला वळण सोसत नाही. आपली कोकण रेल्वे आखताना वळणाची त्रिज्या शक्यतो साडेबाराशे मीटरच्या खाली येऊ नये, असे धोरण होते. जपानची तोक्यो-ओसाका शिंकान्सेन १९६४ साली सुरू झाली, तिच्यासाठी अडीच हजार मीटर धरले गेले. आजच्या ताशी तीनशेच्या पुढच्या गाड्यांना कित्येक किलोमीटरची त्रिज्या लागते. सहा किलोमीटर धरली, तर गाडीला पूर्ण मागे वळायला पणजी ते म्हापसा एवढी रुंदी हवी. एसटीसारखे देवळाला वळसा घालून पुढे जाणे तिला जमत नाही. म्हणजे वाटेत जे येईल ते एक तर हलवायचे, नाही तर त्याच्या वरून किंवा खालून जायचे.

मग घाट आला. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. चाळीस मीटरला एक मीटर असा बऱ्यापैकी तीव्र चढ धरला, तरी एवढे चढायला तीस किलोमीटर लागतात. सह्याद्री तेवढी सवलत देत नाही, तो भिंतीसारखा एकदम उभा राहतो. पोर्तुगीज काळात मुरगाव बंदरापासून घाटावर नेलेली रेल्वे कुळे आणि कॅसलरॉकच्या दरम्यान सदतीसला एक अशा चढाने, वळणे घेत, दूधसागरच्या अंगावरून वर जाते. आगगाडीला ते चालते, कारण ती सावकाश जाते. माझ्या गाडीला बोगद्यावाचून गती नव्हती. दुसऱ्या खर्ड्यात मी बोगदा खणला आणि वीस मिनिटांचे ते आवडते वाक्य खोडले.

भूगोल सांभाळला म्हणजे मार्ग ठरला, अशी तेव्हा माझी समजूत होती. जपानच्याच उदाहरणाने ती मोडली. नागोया ते क्योतो जवळची वाट सुझुका डोंगरांतून होती. पण तिथे लांब बोगदे खणावे लागले असते आणि काम ऑलिंपिकच्या आत संपायला हवे होते. मार्ग उत्तरेकडे सेकिगाहाराकडून नेला गेला. तो भाग बर्फाचा. आजही जोराचा हिमवर्षाव झाला की तिथे गाड्या हळू चालवाव्या लागतात. घाईत घेतलेला निर्णय साठ वर्षे दर हिवाळ्यात पुन्हा पुन्हा सोसावा लागतो. तेव्हा मार्ग भूगोल ठरवतो तसा मुदतही ठरवते.

आपल्याला हे कळायला जपानला जायची गरज नव्हती. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना कोकण रेल्वेच्या मार्गाचा वाद आठवत असेल. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या हाती काम आले. गोव्यात पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव अशी किनारपट्टीलगतची आखणी होती. खाजन जमिनींवर भराव पडेल, पाण्याच्या वाटा बुजतील, जुन्या गोव्याच्या परिसराला धक्का लागेल, असे म्हणत लोक उभे राहिले. मार्ग आतल्या तालुक्यांतून न्यावा, ही मागणी झाली. आत नेल्यास अंतर आणि खर्च वाढेल, जंगल जाईल, असे दुसरी बाजू सांगत होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे याचिका फेटाळली गेली. १९९३ साली गोव्यातले काम थांबवून केंद्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जी. एल. ओझा यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. अखेर मार्ग मुख्यतः आखल्याप्रमाणेच राहिला. पेडण्याच्या बोगद्यातली मऊ माती ढासळत राहिली, त्यामुळे तो तुकडा शेवटी झाला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्गावर प्रवासी गाडी धावली.

त्या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा आज मी करत नाही. त्या गाडीने मी स्वतः शेकडो वेळा प्रवास केला आहे. मला त्यातले एकच घ्यायचे आहे. त्या वेळी लोकांजवळ शब्द होते. खाजन म्हणजे काय, बांध फुटला तर काय होते, मानस कशासाठी असते, हे सांगता येणारी माणसे होती. शब्द होता म्हणून जागा दिसत होती.

आता माझ्या चुकीकडे येतो. तिसरा खर्डा नकाशासह मी वर्गात वाचायला दिला. सत्तरी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने तो परत आणून दिला आणि म्हणाली, “सर, एक विचारू? राग मानू नका.”

म्हटले, “विचार बाय.”

“गाडी सरळ येते आणि तुमच्या गावाच्या अलीकडे बाजूला सरकते. तिथे तर डोंगर नाही.”

मी नकाशा पाहिला. खरेच होते. माझ्या आजोळचे देऊळ, तळी, कुळागर वाचावे म्हणून माझ्या हाताने रेघ वळवली होती, आणि ते मला जाणवलेही नव्हते. वळण सोसत नाही म्हणून ज्या गाडीसाठी मी आवडते वाक्य खोडले, तिला आजोळाकरता मात्र वळण दिले होते. रेघ सरकली ती कुठे गेली? तिथे मी लिहिले होते, ‘पुढे ओसाड माळ आणि रान.’

ती म्हणाली, “सर, तो माळ ओसाड नाही. पावसात आमचे लोक तिथे नाचणी करतात. वर आमचा वाडा आहे.”

मित्रहो, मी भाषेचा शिक्षक. मोरड, केर, कुमेरी, पुरण हे शब्द मला ठाऊक होते. परीक्षेत त्यांचे अर्थ मी विचारले असते. पण लिहिताना माझ्या लेखणीतून आला तो ‘ओसाड’. महसुली कागदात ‘पडीक’ लिहिणाऱ्या कारकुनाला आपण नावे ठेवतो. त्याच्यावर निदान वरून हुकूम असतो. मला कोणाचाच हुकूम नव्हता. माझ्या कल्पित रेल्वेने खरे कोणाचे घर गेले नाही, हे कबूल. पण ज्या सवयीने मी ते वाक्य लिहिले, तीच सवय खऱ्या नकाशावर हात ठेवणाऱ्याला असते. ती त्याला येते कुठून? आपण लिहिलेल्या आणि शिकवलेल्या पुस्तकांतूनच ना?

चौथ्या खर्ड्यात मार्ग बदलून आजोळावरून नेला असता, तर तो नुसता प्रायश्चित्ताचा देखावा झाला असता. मी तसे केले नाही. रेघ जिथे होती तिथे ठेवली आणि ती तिथे का आहे हे कथेत आणले. आता त्या कथेत एक अधिकारी आहे, ज्याचे आजोळ वाचते. जनसुनावणी आहे. तिच्या नोटिशीत ‘संरेखन’ हा शब्द आहे आणि वाड्यावरची म्हातारी विचारते, “हे संरेखन आमच्या नाचणीतून जाते की बाजूने?” तिला उत्तर द्यायला अधिकाऱ्याजवळ शब्द नाही. तो प्रसंग लिहायला मला चार महिने लागले, आणि त्यातली म्हातारीची भाषा त्या विद्यार्थिनीने दोनदा दुरुस्त करून दिली.

शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. वर्गात मुलांना तालुक्याचा नकाशा द्या आणि एक रस्ता, कालवा किंवा रेल्वे काढायला सांगा. मग रेघेखाली येणाऱ्या प्रत्येक जागेचे स्थानिक नाव लिहायला लावा. जिथे नाव सापडणार नाही तिथे ‘ओसाड’ लिहू देऊ नका. घरी जाऊन आजीला विचारून यायला सांगा. भाषेचा तास म्हणून तेवढा पुरे आहे.